साहेब लाइनवर आहेत

जुलैत पावसाचा नेम नसतो. ‘आपला आयकर परतावा मंजूर झाला आहे’ हा मेसेज मात्र नेमाने येतो. २०२३ साली असा एक मेसेज देशभर फिरला. त्यातली रक्कम होती १५,४९० रुपये. खाते क्रमांकाचे मधले आकडे फुल्यांनी झाकलेले, खाली एक लिंक, आणि ‘हा क्रमांक बरोबर नसेल तर लिंकवर जाऊन दुरुस्त करा’ अशी अदबशीर विनंती. केंद्र सरकारच्या पीआयबीने तो मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं. तोवर तो आपल्या सगळ्या फॅमिली ग्रुपांची प्रदक्षिणा करून आला होता.

मला कौतुक वाटतं ते त्या वरच्या चारशे नव्वदचं. नुसते पंधरा हजार लिहिले असते तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. सरकार गोल आकड्यात पैसे देत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि खाते क्रमांक चुकवून टाकणं तर त्याहून भारी. आपले पैसे भलत्याच्याच खात्यात चाललेत म्हटल्यावर माणूस चप्पल न घालता धावतो. मुळात आपले काही पैसे येणं होतं का, हा प्रश्न लिंक दाबून झाल्यावर सुचतो.

लोभाला जो बधत नाही, त्याच्यासाठी शेजारीच भीतीचा काउंटर उघडा असतो.

“हॅलो, मैं इन्कम टॅक्स डिपार्टमेंट से बात कर रहा हूँ.”

“बोला साहेब.”

संभाषण इथेच संपलं. पुढची नुसती वसुली. हाच माणूस मराठीत बोलला असता, तर आपण ‘कोण रे तू, कुठला, कुणाचा?’ करत त्याचं गाव, आडनाव आणि आजोळ बाहेर काढलं असतं. कुणी फोनवर हिंदीत दरडावलं, की मात्र आपण खुर्चीत सरळ बसतो, टीव्हीचा आवाज कमी करतो आणि बायकोला खूण करून पेन मागवतो. नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत भाषेचा अभिमान बाळगणारे आपण. एका फोनवर अख्खा अभिमान म्यूट.

या आवाजाची ताकद बघायची तर मीरा रोडला चला.

४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. आत शेकडो पोरं-पोरी हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांना धमकावत बसली होती. सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं, सत्तर जणांना अटक झाली. धंदा असा: एक अमेरिकी नाव घ्यायचं, अमेरिकी हेल काढायचा आणि समोरच्या कागदावरून वाचायचं, ‘मी आयआरएसमधून बोलतोय, तुम्ही कर चुकवलाय, पोलीस थोड्याच वेळात तुमच्या दारात येतील.’ आयआरएस म्हणजे तिकडचं आयकर खातं. सुटका हवी तर जवळच्या दुकानात जा, गिफ्ट कार्डं विकत घ्या आणि त्यांच्यामागचे आकडे खरवडून फोनवर वाचून दाखवा.

गिफ्ट कार्डं! जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता थकलेला कर दुकानातल्या गिफ्ट कार्डात वसूल करते, यावर शिकलेसवरलेल्या अमेरिकनांचा विश्वास बसला. हसू नका. घाबरलेला माणूस हिशेब करत नाही. त्याला फक्त फोन बंद व्हायला हवा असतो, आणि तो बंद करायची किंमत समोरचा सांगेल ती.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या अशाच कॉल सेंटरांचं प्रकरण उघड केलं. त्यात फसलेले लोक किमान पंधरा हजार, आणि गेलेली रक्कम कोट्यवधी डॉलर. तिकडे बसून हे पैसे फिरवणाऱ्यांना २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, त्या वीस वर्षांपर्यंतच्या. एका सूत्रधाराला सिंगापुरातून उचलून ह्यूस्टनला नेलं, आणि २०२० मध्ये त्यालाही वीस वर्षं ठोठावली. मीरा रोडच्या छाप्यानंतर काही काळ अमेरिकेत अशा फोनांच्या तक्रारी एकदम घटल्या. महाराष्ट्र पोलिसांच्या कारवाईने अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना शांत झोप लागली, हे आपल्याकडे कुणी फ्लेक्सवर छापलं नाही याचं मला नवल वाटतं. एरवी आपण वाढदिवसाला छापतो.

पुण्याहून तेव्हा सॉफ्टवेअर परदेशी जात होतं. मीरा रोडहून दरारा जात होता. त्या पोरांना अमेरिकेच्या कर कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. सरकारी साहेब कसा बोलतो, मध्येच कसा गप्प होतो, ‘आता माझ्या हातात काही नाही, वरून ऑर्डर आहे’ हे वाक्य कुठे टाकतो, हे ती तलाठ्याच्या टेबलापासून आरटीओच्या खिडकीपर्यंत ऐकत वाढली होती. फक्त हेल बदलायचा होता.

आणि हा माल पुढे देशी बाजारातही खपू लागला. अमेरिकेत गिफ्ट कार्ड, इथे यूपीआय. तिकडे आयआरएस, इकडे आयकर, जीएसटी, कस्टम्स, ईडी, जो हाताशी असेल तो. शेवटी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार इतका बोकाळला, की २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं, की कायद्यात असली कोणतीही अटक नाही. ज्या देशात ‘व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही’ हे पंतप्रधानांनी सांगावं लागतं, तिथे ठगाला भांडवल किती लागत असेल?

बरं, साहेब खरा की तोतया हे ओळखायचा नियम आपल्याकडे नाही असं नाही. आहे, आणि चांगला आहे. म्हणूनच तो फारसा कुणाला माहीत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर, समन्सवर, पत्रावर एक क्रमांक असावा लागतो. त्याला डिन म्हणतात. काही ठरावीक अपवाद सोडले, तर डिन नसलेला कागद कायद्याच्या लेखी कधी निघालाच नाही असं धरतात. आयकर पोर्टलवर लॉगिनसुद्धा न करता हा क्रमांक टाकून नोटीस खात्याचीच आहे का ते बघता येतं. जीएसटी आणि कस्टम्सवाल्यांनीही त्याच वर्षी नोव्हेंबरात ही पद्धत घेतली.

म्हणजे बघा, या देशाच्या इतिहासात प्रथमच सामान्य माणसाला साहेबाकडे ओळखपत्र मागायची सोय झाली. केवढी ही क्रांती! कर भरून राष्ट्र घडवा असं सांगणारी होर्डिंगं मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘आमच्या माणसाकडे आधी डिन मागा’ असं होर्डिंग अजून माझ्या नजरेला पडलेलं नाही.

खरी साइट आणि खोटी साइट ओळखायची एक गावठी युक्ती पूर्वी होती: झटकन उघडली तर संशय घ्यायचा. ७ जून २०२१ ला आयकराचं नवं पोर्टल सुरू झालं, तेव्हा ते महिनोन्‌महिने असं अडखळत होतं, की अर्थमंत्र्यांनी ते बांधणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. ठगाची साइट कधी ‘देखभालीसाठी बंद’ असते का? हल्ली सरकारी पोर्टल बरं चालतं, त्यामुळे ती युक्तीही गेली.

इथवर ठगाला निदान फोन करायचे कष्ट होते. आता तेही वाचले. तुमच्याशी एक शब्द न बोलता त्याला तुम्ही होता येतं.

तोतयांचं आपल्याला नवल नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांत एक गृहस्थ ‘मीच भाऊ’ म्हणत हजर झाले. कैदेतून सुटून १७७६ मध्ये या तोतयाने कोकणातले किल्ले घेतले, माणसं जमवली, पार घाटापर्यंत धडक मारली. पेशव्यांच्या फौजा त्याच्यावर चालून गेल्या, तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. पण त्या बिचाऱ्याला खटाटोप किती! भाऊंसारखं दिसायचं, भाऊंसारखं बोलायचं, भाऊंना ओळखणाऱ्यांसमोर उभं राहायचं.

२०२३ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीला महेंद्रसिंग धोनी व्हायला हेलिकॉप्टर शॉटसुद्धा शिकावा लागला नाही. धोनी, अभिषेक बच्चन, माधुरी दीक्षित, शिल्पा शेट्टी, इमरान हाश्मी अशा मंडळींच्या पॅनवर या पठ्ठ्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून क्रेडिट कार्डं काढली आणि वीस लाखांहून जास्त रकमेची खरेदी उरकली. पॅन कार्डावर नंबर ताऱ्याचा, जन्मतारीख ताऱ्याची, फोटो मात्र स्वतःचा. चेहरा कार्डाशी जुळला, कारण दोन्ही चेहरे ठगाचेच. धोनी कसा दिसतो हे माहीत नसलेली एकच गोष्ट या देशात उरली होती, ती म्हणजे ती पडताळणी.

नंबर मिळाला कुठून? चोरी नाही, घरफोडी नाही. गूगलवरच्या जीएसटी क्रमांकातून. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे सरळसरळ पॅन. आता गंमत बघा. नोंदणी झालेल्या प्रत्येक धंद्याने हा क्रमांक दुकानाच्या पाटीवर लावलाच पाहिजे, असा जीएसटीचा नियम आहे. मालक एकटाच असेल तर तो त्याचा स्वतःचा पॅन. म्हणजे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने कायद्याचं पालन करत आपला पॅन रस्त्यावर टांगलेला आहे. ‘आपला पॅन कुणालाही सांगू नका’ असं सांगणारे आणि ‘पाटीवर लावा’ असं सांगणारे एकाच मंत्रालयातले.

खरं म्हणजे पॅन गुप्त राहावा ही अपेक्षाच वेडगळ. ज्या नंबराशिवाय बँक, म्युच्युअल फंड, सोनार, रजिस्ट्रार आणि ऑफिसातला अकाउंट्सवाला हलत नाही, तो गुपित कसा राहील? पाटीवरच्या नावासारखा तो उघडाच असणार. चूक आहे ती, नंबर सांगता आला म्हणजे माणूस तोच, असं धरून चालणाऱ्यांची. त्यांना पाच मिनिटांत कर्ज द्यायची घाई असते. घेणारा कोण, हे ते वसुलीच्या वेळी बघतात.

२०२२ च्या फेब्रुवारीत सनी लिओनीने तक्रार केली, की तिच्या पॅनवर कुणीतरी दोन हजारांचं कर्ज उचललंय. दोन हजार! ठगाला काही स्वप्नं असतात की नाही? पण थकलेल्या दोन हजारांनीही पत खराब होते, आणि हे तुम्हाला कळतं ते घराचं कर्ज मागायला गेल्यावर, काचेपलीकडच्या मॅनेजरने चष्म्यावरून बघितल्यावर.

ताऱ्यांचं निस्तरतं. त्यांचं एक ट्वीट गेलं की कंपनीची माणसं कामाला लागतात. कल्याणजवळच्या आंबिवलीत, झोपडपट्टीत राहून दिवसाला तीनशे रुपये कमावणाऱ्या एका मजुराला ट्वीट करता येत नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये त्याची बातमी आली. आयकर खात्याने त्याला एक कोटी पाच लाखांची नोटीस धाडली होती. का? तर नोटाबंदीच्या वेळी त्याच्या पॅनवर उघडलेल्या बँक खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते. खातं त्याचं नव्हतं. बँकेत जाऊन बघितलं तर फोटो भलत्याचा, सही भलत्याची. नंबर तेवढा त्याचा. मथुरेच्या एका रिक्षावाल्याला २०२१ च्या ऑक्टोबरात ३ कोटी ४७ लाखांची नोटीस आली. त्याच्या पॅनवर कुणी जीएसटी नंबर काढून एका वर्षात ४३ कोटींची उलाढाल दाखवली होती. त्याने पॅन काढायला दिला होता जनसुविधा केंद्रात, आणि हातात पडली होती पॅनची रंगीत झेरॉक्स. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आता फाशीचं पत्र ई-मेलने येतं आणि उत्तर द्यायला पोर्टलवर लॉगिन करावं लागतं.

या गोष्टीतला मला टोचणारा भाग रक्कम नाही. खात्याच्या यंत्राला तीनशे रुपये रोजाच्या माणसाच्या नावावर ५८ लाख दिसले आणि त्याच्या मनात आलेला पहिला विचार होता, ‘या माणसाने कर बुडवला.’ ‘या माणसाचं नाव कुणी वापरलं असेल का?’ हा विचार यंत्राला सुचत नाही आणि यंत्रामागच्या माणसाला सुचवायची मुभा नसावी. मग तो मजूर पोलीस ठाण्यात जाणार, बँकेत जाणार, रोज बुडवणार आणि आपण आपण नसल्याचं सिद्ध करणार. त्याला आधी पॅन काढायला लावला सरकारने, तो सांभाळायचा त्याने.

आता ही कागदपत्रं गळतात कुठून, ते शोधायला गुप्तहेर नको. सिम घेताना दिलं, लॉजवर दिलं, जिममध्ये दिलं, पोराच्या शाळेत दिलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने मागितलं म्हणून दिलं, आणि ‘असू दे एक जास्तीची’ म्हणून दोन-दोन प्रती दिल्या. झेरॉक्सवाल्याकडे काळी आलेली प्रत काउंटरखालच्या गठ्ठ्यात पडली. पुढच्या आठवड्यात तिच्या पाठीवर कुणाची वाणसामानाची यादी. मूळ कागद आपण कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीला रबर लावून ठेवतो. प्रती गावभर वाटतो.

सरकारला हे एकदा सुचलं होतं. २७ मे २०२२ ला आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली मास्क्ड प्रत द्या. लोक चमकले. इतकी वर्षं मागितल्या ठिकाणी मुकाट देत आलो, आणि आता हे! २९ मेला पत्रक मागे. चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणे. लोकांनी नेहमीची सर्वसाधारण सावधगिरी बाळगावी म्हणजे झालं. खऱ्या सल्ल्याचं आयुष्य दोन दिवस. मास्क्ड आधार आजही निघतं, फुकट निघतं. ते दाखवल्यावर लॉजवरचा पोऱ्या ‘पूर्ण नंबरवालं द्या’ म्हणतो, हा भाग पत्रकात नव्हता.

विदा संरक्षणाचा कायदा म्हणाल तर तो २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची सवड. ठगांना कुणी सवड दिली नव्हती, तरी त्यांनी वेळेत काम सुरू केलं.

एवढं सगळं वाचून ‘काय हे ठग, काय हे सरकार’ असं म्हणत चहा पिणाऱ्या पगारदार वर्गाकडे आता जरा वळू. पांढरा शर्ट, गळ्यात आयकार्ड, आणि वर्षाअखेरीला अकाउंट्सला द्यायची भाडेपावती. वर्षाला लाखाच्या वर भाडं दाखवलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आता राहतो स्वतःच्या घरात, तर मालक आणायचा कुठून? मग काकाचा पॅन, मित्राच्या सासऱ्याचा पॅन, नाहीतर कुठल्याशा जुन्या कागदावर सापडलेला, आपण ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याचा पॅन. असे प्रकार उजेडात आले आणि गवगवा झाला, तेव्हा ८ एप्रिल २०२४ ला प्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला, की भाडेभत्त्याची जुनी प्रकरणं सरसकट उघडण्याची मोहीम वगैरे काही नाही. सबंध देशाच्या पगारदारांनी सोडलेला नि:श्वास पश्चिम रेल्वेच्या डब्यातही ऐकू आला असेल.

दुसऱ्याच्या पॅनवर भंगाराचा धंदा दाखवला की ओळखचोरी, आणि दुसऱ्याच्या पॅनवर घरभाडं दाखवलं की टॅक्स प्लॅनिंग. ज्याच्या नावावर ते भाडं चढलं, त्याला नोटीस आल्यावर फरक कळत नाही.

याच वर्गाचा लाडका असतो तो रिफंडवाला. ऑफिसातल्या कुणाचा तरी मेहुणा. ‘सीए काय करतो? आपला माणूस पूर्ण टीडीएस परत काढून देतो, नंतर त्याला टक्केवारी द्यायची.’ तो काय करतो? तुमचा पासवर्ड घेतो आणि न दिलेल्या देणग्या, न भरलेले हप्ते, राजकीय पक्षांना न केलेलं दान असं पुण्य तुमच्या रिटर्नमध्ये भरतो. ज्याने आयुष्यात पक्षाच्या पावतीपुस्तकाला बघून रस्ता ओलांडला, तो कागदोपत्री लोकशाहीचा आधारस्तंभ होतो. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर सुमारे दीडशे ठिकाणी यावर कारवाई केली. त्यावेळच्या सरकारी निवेदनानुसार आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते.

त्या निवेदनातली एक बारीक गोष्ट आकड्यांपेक्षा मोलाची आहे. हे दलाल ढिगाने रिटर्न भरायला तात्पुरते ई-मेल पत्ते काढत आणि काम झालं की टाकून देत. खात्याच्या नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर जाऊन न वाचता पडून राहत. म्हणजे खोटा साहेब तुम्हाला दिवसातून तीनदा फोन करतो, आणि खरा साहेब पत्र पाठवतो ते कुणीच राहत नसलेल्या घरी. पॅन तुमचा, पासवर्ड दलालाकडे, ई-मेल दलालाचा, आणि दंडाच्या चलनावर नाव तुमचं. असल्या माणसाची ओळख चोरायला वेगळा चोर कशाला हवा? त्याने स्वतःच ती टक्केवारीवर दिली आहे.

अमेरिकेने या बाबतीत एक काम बरं केलं. तिथे दुसऱ्याच्या नावाने आधीच रिटर्न भरून त्याचा रिफंड पळवायचा प्रकार फार. म्हणून आयआरएसने सहा आकडी पिन काढला. दरवर्षी नवा, आणि तो नसेल तर तुमच्या नावाने ऑनलाइन भरलेलं रिटर्न स्वीकारलंच जात नाही. आधी ही सोय प्रामुख्याने फसलेल्यांपुरती होती, २०२१ पासून मागेल त्याला. म्हणजे कुलूप चोरीनंतरच मिळेल ही अट त्यांनी काढली. आपल्याकडे पॅन २.० आणलं. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी १,४३५ कोटी मंजूर केले. सरकारचं नवं कार्ड राहिलं बाजूला, ‘तुमचं ई-पॅन डाउनलोड करा’ असे ठगांचे मेल मात्र लोकांच्या इनबॉक्सात येऊन पडले, आणि पीआयबीला पुन्हा एकदा ‘खोटं, खोटं’ करत मागे धावावं लागलं. सरकारी योजनेची माहिती तळागाळापर्यंत पोहोचत नाही अशी तक्रार असते. ठगांना हे काम द्यावं.

पैसे गेलेच, तर सायबर हेल्पलाइनच्या १९३० या नंबरला लगेच फोन करा. लगेच म्हणजे लगेच. ‘आधी मुलाला विचारतो, तो बंगळुरूहून सहाला सुटतो’ असं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात जायला मिनिटं लागतात, आणि मधल्या खात्यात ते अडवता आले तर आले. बायकोपासून लपवून दोन दिवस काढणारे नवरे हे ठगांचे सर्वांत भरवशाचे सहकारी. बँकेच्या नियमातही उशिराचं माप ग्राहकाच्याच पदरात पडतं.

आणि नसतील गेले, तर आज रात्री जेवण झाल्यावर थोडा वेळ काढा. आयकर पोर्टलवर एआयएस नावाचं पत्रक असतं, ते उघडा. वर्षभरात तुमच्या पॅनवर कुणी काय काय केल्याचं खात्याला दिसतंय ते त्यात आहे. न ओळखीचा व्यवहार दिसला तर ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असं तिथल्या तिथे कळवायची सोयही आहे. तुमच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो मागवा, म्हणजे तुमच्या नावावर कुणी मोटारसायकल घेतली असेल तर निदान तिचा रंग विचारता येईल. सरकारच्या ‘संचार साथी’ या साइटवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते कळतं.

शेवटी जीएसटीच्या पोर्टलवर जा. तिथे लॉगिन लागत नाही. ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये पॅनवरून शोधायचा पर्याय आहे, आपला पॅन टाका. त्यावर कुठल्या राज्यात कुठली नोंदणी आहे ते समोर येईल. बहुतेकांना तिथे काहीच दिसणार नाही, आणि ते बरंच. पण मराठी माणूस धंद्यात उतरत नाही ही जुनी तक्रार मनाला लावून घेतली असेल, तर थोडी आशा ठेवायला हरकत नाही. कुणी सांगावं, तुम्ही तीन वर्षांपासून परराज्यात लोखंडी भंगाराचे घाऊक व्यापारी असाल, दुसरी शाखाही निघाली असेल, आणि घरात तुम्हाला अजून ‘दळण आणलंत का?’ म्हणून विचारत असतील.